धंदा कोणत्या नावाने, आणि घर कोणाच्या?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्र ठाण्यातल्या नौपाड्याहून आले आहे. लिहिणाऱ्या बाईंचे वय ५३, गेली १६ वर्षे त्या पोळी-भाजी केंद्र चालवतात. यजमानांनी महाप्यातल्या कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. मुलगी पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरात नोकरी करते. जावई पोर्तुगीज, तिथून तासाभरावरच्या पोन्ते दे लिमा या गावचे, बरीच वर्षे हॉटेलच्या रिसेप्शनवर काम केलेले. त्यांच्या आत्याचे गावातले जुने दगडी घर विकायला आहे. स्पेनमधल्या सान्तियागो या ख्रिस्ती तीर्थस्थळाला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट दारावरून जाते. तिथे पाच खोल्यांचे गेस्टहाऊस काढायचे असे सगळ्यांचे ठरते आहे. घोडबंदर रोडवरचा, दोघांच्या नावावरचा फ्लॅट विकून ८० लाख रुपये पाठवायचे, उरलेल्या रकमेचे कर्ज मुलगी तिथल्या बँकेतून काढणार. नवरा-बायको सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे राहणार. व्हिसाचे काम बघणारा सल्लागार म्हणतो, तिथे कंपनी काढा, म्हणजे सगळे सुरक्षित आणि व्हिसाही मिळेल. दीर म्हणतात, मुलीच्या नावावर करून मोकळे व्हा. मैत्रिणीच्या यजमानांचे मत, ठाण्यातच प्रायव्हेट लिमिटेड काढून तिच्यामार्फत पैसे गुंतवा. प्रश्न असा आहे: यातले बरोबर कोणते?

ताई,

पत्रासोबत तुम्ही वहीच्या पानावर काढलेला घराचा नकाशा पाठवलात. खाली स्वयंपाकघर, वर पाच खोल्या, मागच्या अंगाला पडवीसारखी जागा आणि तिच्या शेजारी लहान अक्षरांत ‘आमची खोली’. ते पान मी दोन दिवस टेबलावर ठेवलं होतं. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या सहाव्या खोलीत आहे, असं मला वाटतं. त्या खोलीकडे मी येते, पण आधी थोडं मागे जाऊ.

तिघांनी तुम्हाला तीन सल्ले दिले. तिघांनीही धरून चाललंय की धंद्याचं कायदेशीर रूप आधी ठरवायचं आणि माणसं मग त्यात बसवायची. माझा ठाण्यातल्या हिशेबनिशीच्या कामातला अनुभव याच्या उलट आहे. आधी एवढंच लिहून काढा: रोज सकाळी तिथे दार कोण उघडणार, पैसे कोणाचे, आणि बुडाले तर कोणाचे बुडणार. या तीन ओळी कागदावर आल्या की रूप बरंचसं आपोआप ठरतं.

तुमच्या पत्रातून मी त्या ओळी भरून पाहिल्या. दार उघडणार जावई. मुलीची नोकरी पोर्तोत, ती शनिवार-रविवारी येणार. पैसे तुम्हा दोघांचे, म्हणजे ठाण्यातल्या फ्लॅटचे. कर्ज मुलीच्या डोक्यावर. आणि बुडाले तर कोणाचे, यावर पत्रात एक अक्षरही नाही. ‘जावई माणूस फार चांगला आहे’ हे वाक्य मात्र तीनदा आलंय. तुमचा तो विश्वास खरा आहे याबद्दल मला शंका नाही. तरीही एक विचारते. पाच वर्षांनी त्या चांगल्या माणसाला वाटलं की वर्षाचे बारा महिने राबतो मी, आणि सगळं आहे सासऱ्यांच्या नाहीतर बायकोच्या नावावर, तर त्याच्या हातात काय असेल? कागद तुमच्या रक्षणासाठी हवा असं सगळेच सांगतात. तो जावयांसाठीही तितकाच हवा.

आता तुमच्या ‘सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे’बद्दल. सगळी आखणी यावर उभी आहे, म्हणून जरा थांबून बघू. पर्यटक व्हिसावर शेंगेन देशांत, म्हणजे पोर्तुगालसह सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत मिळून, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि त्या व्हिसावर धंदा चालवता येत नाही. त्यामुळे राहण्याचा परवाना लागेल. व्यवसाय करणाऱ्यांसाठी डी-२ आणि स्वतःच्या स्थिर उत्पन्नावर जगणाऱ्यांसाठी डी-७ असे व्हिसाचे प्रकार आहेत. नुसती कंपनी काढली म्हणून यातला कुठलाच मिळत नाही. डी-२ साठी धंद्याची खरी योजना, पैशाची सोय आणि तो धंदा तिथे चालू शकेल याची खात्री पटवावी लागते. सल्लागाराने हे दोन्ही एका वाक्यात बांधलं, तिथेच तुमची दिशाभूल झाली.

परवाना मिळाला तरी पुढे गाठ आहेच. पहिला परवाना साधारण २ वर्षांचा असतो. त्या मुदतीत सलग ६ महिन्यांहून जास्त, किंवा तुटक तुटक मिळून ८ महिन्यांहून जास्त काळ, सबळ कारणाशिवाय देशाबाहेर राहिलं तर तो रद्द होऊ शकतो. तुमच्या हिशेबाने दोन वर्षांत १२ महिने ठाण्यात जाणार. म्हणजे तुमची सहा-सहाची वाटणी आणि तिथला परवाना यांचा मेळ बसत नाही. शिवाय वर्षाचे १८३ दिवस तिथे काढले की तिथल्या कराच्या दृष्टीने तुम्ही रहिवासी ठरता, आणि इथे १८२ दिवस काढले तर इथल्या. दोन्हीकडे रहिवासी ठरलात तर कुठल्या देशाने कोणता कर घ्यायचा हे भारत-पोर्तुगाल करार वाचून सोडवावं लागतं. ते अशक्य नाही, पण दर वर्षीचं काम आहे.

म्हणून निदान पहिली तीन-चार वर्षं खरं चित्र असं धरा: तुम्ही ठाण्याचे रहिवासी, वर्षातून एक-दोनदा पाहुणे म्हणून तिकडे जाणारे, आणि धंद्यात पैसे घातलेले. चालवणारे जावई. हे मान्य करणं तुम्हाला जड जाईल हे मला दिसतंय. सोळा वर्षं पहाटे कणीक मळणाऱ्या बाईला ‘तू नुसते पैसे घाल’ म्हणणं सोपं नाही. पण कायदेशीर रूप स्वप्नावर बेतलं आणि दिवस मात्र वेगळेच उजाडले, की पेच पडतात.

आता तिघांचे सल्ले याच चित्रावर ठेवून पाहू.

दिरांचा सल्ला मुलीच्या नावाचा. पोर्तुगालमध्ये एकट्याच्या नावावर धंदा करणं सोपं आहे. करखात्यात, ज्याला तिथे फिनान्सास म्हणतात, काम सुरू करत असल्याची नोंद करायची. वार्षिक उलाढाल २ लाख युरोंच्या आत असेल तर सोप्या पद्धतीने कर भरता येतो. खर्चाची प्रत्येक पावती न जोडता उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा करपात्र धरला जातो. पूर्णवेळ हिशेबनीस लागतोच असं नाही. लहान प्रमाणावर, भाड्याच्या जागेत चाचपणी करायची तर हे रूप चांगलं आहे, दिरांचं तेवढं बरोबर आहे.

पण त्यात धंदा आणि माणूस एकच असतात. ओल्या जिन्यावरून एखादा यात्रेकरू घसरला आणि भरपाई विम्याच्या बाहेर गेली, किंवा दोन हंगाम वाईट गेले आणि देणी थकली, तर मुलीचा पगार, तिची बचत, तिच्या नावावरचं घर सगळं त्यात ओढलं जातं. आणि तुमचे ८० लाख? ते कायद्याने तुम्ही मुलीला दिलेली भेट होतात. गेस्टहाऊसमध्ये तुमचं काहीच राहत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी दिरांना ठाऊक असण्याचं कारण नाही. पोर्तुगालमध्ये लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता नवरा-बायको दोघांची मिळून धरली जाते. नवरा-बायको वेगवेगळ्या देशांचे असतील आणि संसार तिथेच असेल, तर सहसा तिथलाच नियम लागतो. भेट मिळालेली गोष्ट यातून बाहेर असते, पण भेटीचे पैसे आणि बँकेचं कर्ज एकत्र करून घेतलेल्या घरात भेट कुठे संपली आणि कमाई कुठे सुरू झाली हे तेव्हाच लिहून ठेवलं नाही तर नंतर सांगता येत नाही. मुलीला विचारा, लग्नाच्या वेळी असा काही करार झाला होता का. विचारायला संकोच वाटेल. तरी विचारा.

मग हाच एकट्याचा धंदा तुमच्या नावावर का नको? कारण आपलाच कायदा आड येतो. २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेल्या परदेशी गुंतवणुकीच्या नियमांप्रमाणे, भारतात राहणाऱ्या माणसाला परदेशातल्या ज्या संस्थेत थेट गुंतवणूक करायची ती मर्यादित जबाबदारीची असावी लागते, म्हणजे ती बुडाली तर घातलेले पैसे तेवढे जातात, मालकाची बाकीची मालमत्ता ओढली जात नाही. अमर्याद जबाबदारीची भागीदारी किंवा एकट्याचा धंदा या चौकटीत बसत नाही. म्हणजे ठाण्यात राहून तिथल्या धंद्यात मालक म्हणून उभं राहायचं तर मर्यादित जबाबदारीची कंपनी हाच रस्ता उरतो. सल्लागाराने ‘कंपनी’ म्हटलं ते बरोबरच आहे, पण हे कारण त्याने सांगितलेलं नाही.

मैत्रिणीच्या यजमानांचा सल्ला, ठाण्यात प्रायव्हेट लिमिटेड काढून तिच्यामार्फत जायचा, मी एका वाक्यात बाजूला ठेवते: दोन देशांत दोन कंपन्या, दोन्हीकडे हिशेब आणि फी, आणि मोबदल्यात पाच खोल्यांचं भाडं, हे तुमच्या आकाराच्या धंद्याला झेपणार नाही.

तर तिथली कंपनी. तुम्हाला लागेल ती ‘सोसिएदाद पोर कोतास’, पाटीवर नावापुढे लिमितादा लिहितात ती. भागांना शेअरऐवजी कोता म्हणतात, आणि प्रत्येक भागधारकाचा एकच आकडा असतो, ६० टक्के, २५ टक्के असा. एकट्या मालकाची कंपनीही काढता येते. सरकारी काउंटरवर एका बैठकीत कंपनी काढून देणारी योजना तिथे २००५ पासून आहे आणि तिची फी ३६० युरो आहे. २०११ पासून किमान भांडवल कोत्यामागे १ युरो इतकंच लागतं. हे ऐकून सगळे हुरळतात. तुम्ही जरा थांबा.

तिथे रूढ पद्धत अशी की भांडवल नावापुरतं ठेवायचं आणि बाकी पैसे मालकाने कंपनीला कर्जाऊ द्यायचे. कर्ज परत घेणं सोपं, लाभांश काढण्यापेक्षा सुटसुटीत. तिथला हिशेबनीस तुम्हाला हेच सुचवेल, आणि पोर्तुगीज माणसासाठी तो बरोबर आहे. पण भारतात राहणाऱ्या व्यक्तीला आपले नियम परदेशी कंपनीत भागभांडवल घालू देतात, तिला कर्ज देऊ देत नाहीत. ती मुभा इथल्या कंपन्यांना आहे. म्हणजे तुम्ही पाठवाल तो प्रत्येक युरो भांडवल म्हणून जाईल, आणि भांडवल परत काढायचं तर ते कमी करण्याची रीतसर प्रक्रिया करावी लागते. म्हणून कंपनीत फक्त चालवण्यापुरते पैसे घाला: गाद्या, चादरी, न्हाणीघरांची दुरुस्ती, पहिल्या सहा महिन्यांचे पगार. घराची किंमत कंपनीत घालू नका.

हे मी ठासून सांगते आहे त्यामागे एक जुना किस्सा आहे. माझ्याकडे एकदा दोन साडू आले होते. कोकणात समुद्राजवळ त्यांचं लॉज होतं, चांगलं चाललेलं, अकरा वर्षं. त्यातले एक गेले आणि त्यांच्या पत्नी खाकी पाकीट घेऊन माझ्यासमोर बसल्या. पाकिटातून एकेक कागद काढत होत्या. सातबारा साडूंच्या आईच्या नावावर. वीजबिल गेलेल्या नवऱ्याच्या नावावर. खानावळीचा परवाना साडूंच्या बायकोच्या. बांधकामाला पैसे या बाईंच्या दागिन्यांवर काढलेले, त्याची सोनाराची पिवळी पावती तेवढी होती. कोणी कोणाला फसवलं नव्हतं. प्रत्येक कागद त्या त्या वेळी ज्याला रजा होती, जो तालुक्याला जाऊ शकत होता, त्याच्या नावावर झाला होता. ते निस्तरायला चार वर्षं लागली, आणि तेवढ्या काळात दोन घरांमधलं बोलणं थांबलं. तुमचा नकाशा बघताना मला ती पिवळी पावती आठवली.

म्हणून घर वेगळं, धंदा वेगळा. घर तुम्ही आणि यजमान स्वतःच्या नावावर घेऊ शकता. परदेशात घर घ्यायला परवानगी आहे. उदारीकृत प्रेषण योजनेखाली, बँकेत ज्याला एलआरएस म्हणतात, दर माणशी दर आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत पैसे पाठवता येतात. नवरा-बायकोंना आपापल्या रकमा एकत्र करता येतात. मग ते घर तुम्ही कंपनीला रीतसर भाडेकराराने द्यायचं. करारात लिहायचं की इथे पाहुणे ठेवायची परवानगी आहे. कंपनी बुडाली तरी घर तुमचं राहतं. दर महिन्याला भाडं तुमच्या नावावर जमा होतं, त्यावर तिथे कर भरायचा आणि इथल्या विवरणात दाखवायचं.

याचा तोटाही आहे. दोन करार, दोन हिशेब आणि भाड्यावर वेगळा कर. दोनच खोल्या असत्या तर मी हा खटाटोप सुचवला नसता. पण ठाण्याचा फ्लॅट विकून, म्हातारपणाचा आधार तिकडे नेऊन तुम्ही हे करणार आहात, तेव्हा तेवढा खर्च सोसावा.

मात्र कर्ज मुलीच्या नावावर आणि घर तुमच्या, असं बँक करू देणार नाही. बँकेला घर तारण हवं, म्हणजे मुलगीही मालकांत येईल. मग तिघांचे हिस्से खरेदीखतातच, घातलेल्या पैशांच्या प्रमाणात लिहून घ्या. आणि कर्ज कंपनीच्या नावावर काढायचा विचार असेल, तर बँक बहुतेक मुलीची आणि जावयांची वैयक्तिक हमी मागेल. त्या हमीवर सही झाली की ‘मर्यादित जबाबदारी’ हे शब्द त्या कर्जापुरते संपले.

कंपनीतले भाग कसे वाटावेत? इथे तुमच्या मनातल्या प्रश्नाला मी हात घालते. जावयांना नुसतं नोकर म्हणून ठेवू नका. काम त्यांचं आहे, भाषा त्यांना येते, गाव त्यांचं आहे. त्यांचा भाग ठसठशीत असावा, आणि कामाचा पगार वेगळा, महिन्याच्या महिन्याला. तुम्हा दोघांचा मिळून एकत्र भाग २५ टक्क्यांच्या वर ठेवा. त्याचं कारण असं की लिमितादा कंपनीची घटना, म्हणजे तिची मूळ नियमावली, बदलायला तीन-चतुर्थांश मतं लागतात. तुमच्याकडे २५ टक्क्यांहून जास्त असेल तर तुमच्याशिवाय मूळ नियम बदलता येणार नाहीत, आणि रोजच्या कारभारात तुम्ही अडथळाही होणार नाही. नवरा, बायको, मुलं, आई-वडील यांच्या नावावर भाग करायला तिथे कंपनीची संमती लागत नाही, बाहेरच्याला द्यायचा तर लागते. कोणी गेलं तर भाग वारसांकडे जातो. तो जाऊ द्यायचा की उरलेल्यांनी विकत घ्यायचा, आणि किंमत कशी ठरवायची, हे घटनेत आधीच लिहिता येतं. ते लिहा.

तिथे कारभाऱ्याला ‘जेरेंते’ म्हणतात. सगळ्यांचा सूर आहे की मुलीचं नाव घालू, मान तिचा. मी घाई करणार नाही. कंपनीने कर किंवा कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचे हप्ते थकवले आणि कंपनीकडे काही नसलं, तर सरकारी खातं जेरेंतेच्या मागे येऊ शकतं. मुलगी पोर्तोत नोकरी करणार आणि कारभार बघणार नाही, मग सही तिची का? जो खरोखर चालवतो त्याने जेरेंते व्हावं. एका ठरावीक रकमेपुढच्या खर्चाला आणि कुठल्याही कर्जाला दोन सह्या लागतील, एवढं घटनेत घालून घ्या.

आता ती सहावी खोली.

पोर्तुगालमध्ये अशा लहान मुक्कामाच्या जागांना ‘अलोजामेंतो लोकाल’ म्हणतात. त्यांचा मुख्य कायदा २०१४ चा आहे, आणि २०२३ व २०२४ मध्ये त्यात मोठे बदल झाले. नोंदणी नगरपालिकेकडे होते. नोंदणीचे प्रकार आहेत. त्यातला एक ‘खोल्या’ असा आहे: मालक ज्या घरात स्वतः राहतो, जो त्याचा करासाठीचा पत्ता आहे, त्याच घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. पण त्यात जास्तीत जास्त ३ खोल्या चालतात. पूर्ण घर देण्याच्या प्रकारात ९ खोल्या आणि २७ माणसांपर्यंत जाता येतं. तुमच्या नकाशात पाच खोल्या पाहुण्यांच्या आणि एक तुमची, म्हणजे तुम्ही ‘खोल्या’ प्रकारात बसत नाही. जावई स्वतः तिथे राहणार असतील, त्यांच्याच नावावर सुरुवात करून तीनच खोल्या उघडायच्या असतील, तर मात्र तो साधा रस्ता आहे, आणि पहिल्या हंगामासाठी तो मला आवडतोही. ज्यांचं स्वतःचं घर आहे आणि वरचा मजला रिकामा आहे, अशा इतर वाचकांनीही तो आधी तपासावा.

पण नोंदणी कोणाच्या नावाने होते याला महत्त्व आहे. ‘आधी जावयांच्या नावाने सुरू करू, मग कंपनीकडे वळवू’ असं म्हणणं सोपं. काही भागांत, जिथे अशा जागांची गर्दी झाली आहे, नगरपालिकांना नव्या नोंदण्या थांबवता येतात आणि हस्तांतरावर बंधनंही घालता येतात. पोन्ते दे लिमाच्या नगरपालिकेत जावयांनी स्वतः जाऊन, त्या घराचा पत्ता देऊन लेखी विचारावं. आत्याचं घर घेण्याआधी विचारावं. नोंदणीबरोबर प्रत्येक दुर्घटनेमागे किमान ७५,००० युरोंचा विमा लागतो, तक्रारवही ठेवावी लागते, आणि परदेशी पाहुण्यांची माहिती ३ कामाच्या दिवसांत कळवावी लागते. आपल्याकडे परदेशी पाहुणा आला की २४ तासांत कळवतात, तसंच.

पैसे पाठवण्याबद्दल थोडं, कारण यात तुमची रोकड अडकणार आहे. २०२५ च्या एप्रिलपासून अशा कारणासाठी एका वर्षात १० लाखांच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. एकट्या यजमानांनी ८० लाख पाठवले तर ७० लाखांवर १४ लाख कापले जातील. दोघांनी ४०-४० पाठवले तर प्रत्येकी ३० लाखांवर ६, म्हणजे १२. फ्लॅट दोघांचा आहे, तेव्हा ही वाटणी खरी आहे. हे पैसे विवरण भरताना करात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर हातात नसतात, आणि आत्याला पैसे ठरलेल्या तारखेला हवेत. दुसरं, फ्लॅट विकून झालेल्या नफ्यावरची घरखरेदीची करसवलत भारतातल्या घरासाठीच आहे. पोर्तुगालमधलं घर त्यात धरत नाहीत. ८० लाख हा आकडा तुम्ही कर वजा करून काढलात का, हे पत्रातून कळलं नाही.

कंपनीत भांडवल घालताना पैसे जाण्याआधी बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून रिझर्व्ह बँकेचा नोंदणी क्रमांक घ्यायचा. भाग मिळाल्याचा पुरावा ६ महिन्यांत द्यायचा. मग दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीच्या कामगिरीचा अहवाल, आणि प्राप्तिकर विवरणात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट. २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली ते दाखवलं नाही तर १० लाखांचा दंड आहे. ठाण्यातल्या लहान शाखेत हे काम रोजचं नसतं, म्हणून परकीय चलनाचं काम करणारी शाखा कुठली हे आधी विचारून घ्या. दिरांनी ‘इकडे रुपये द्यायचे, तिकडे युरो मिळतात’ अशी ओळख सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. ताई, तिकडे वळूसुद्धा नका. तो गुन्हा आहेच, शिवाय त्या पैशांचा कागद नसेल तर घरातला तुमचा हिस्सा तुम्ही कधीच सिद्ध करू शकणार नाही.

एवढं सगळं वाचून तुम्ही दमला असाल. मी तुमच्या जागी असते तर पहिल्या वर्षी घर विकत घेतलंच नसतं. आत्याबाईंकडून ते दोन हंगामांसाठी भाड्याने, पुढे ठरलेल्या किमतीला विकत घेण्याच्या हक्कासह, लेखी करार करून घेतलं असतं. कंपनी काढून, तिच्यात १२-१५ लाखांपुरतं भांडवल घालून, जावयांना चालवू दिलं असतं. वाटेवरच्या बार्सेलोस गावाहून ३० किलोमीटरच्या वर चालून आलेला माणूस संध्याकाळी काय मागतो, दुसऱ्या दिवशी लाब्रुजाचा चढ चढायला तो पहाटे किती वाजता निघतो, रोज नवा पाहुणा म्हणजे रोज पाच खोल्यांच्या चादरी, त्या पावसाळी दिवसांत कुठे वाळतात, हे त्या दोन हंगामांत कळलं असतं. यात्रेकरू एक रात्र राहतो आणि पुढे जातो. पोळी-भाजी केंद्र चालवलेल्या तुम्हाला याचा अर्थ माझ्याहून जास्त समजेल.

कंपनीची घटना लिहायला तुमचा वेगळा पोर्तुगीज वकील ठेवा, जावयांच्या ओळखीतला नको. जावई चांगले आहेत म्हणूनच नको, त्यांना दोन्ही बाजूंनी बोलायची पाळी येऊ नये. तुम्ही इथून मुखत्यारपत्र देणार असाल तर नोटरी, मग राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा शिक्का, आणि पोर्तुगीज भाषांतर असा क्रम आहे. त्यात काय काय अधिकार देता ते एकेक करून लिहा, ‘सर्व अधिकार’ असं कधीही लिहू नका.

आणि सही करायच्या आधी एकदा जाऊन या, पण मे-जूनमध्ये नको. फेब्रुवारीचं तिकीट काढा. तेव्हा तिथे पाऊस असतो, वाटेवर माणूस विरळ असतो, आणि दगडी घरात गारठा किती असतो ते त्या मागच्या खोलीत चार रात्री झोपल्यावरच कळेल. त्याच मुक्कामात कच्चा करारनामा मराठीत आणि पोर्तुगीजमध्ये समोर ठेवून चौघांनी मिळून वाचा. मुलीला मध्ये दुभाषी बसवू नका, पैसे देऊन बाहेरचा माणूस बोलवा. मुलीला त्या टेबलाशी तिचं स्वतःचं म्हणणं मांडायचं असेल.